फोनने कुणाचं ऐकायचं?

खोक्यातून नुकत्याच काढलेल्या आयपी फोनला काहीच ठाऊक नसतं. आपला नंबर कोणता, एक्स्चेंज कुठे, आज तारीख काय, यातलं काहीही नाही. केबल लागली, वीज मिळाली की तो सगळ्या नेटवर्कला उद्देशून हाक देतो: मला पत्ता हवा आहे, कुणी देईल का? त्या क्षणी त्याचा स्वतःचा पत्ता ०.०.०.० असतो आणि हाक जाते २५५.२५५.२५५.२५५ला, म्हणजे झाडून सगळ्यांना. डीएचसीपी सर्व्हर ती ऐकतो आणि एक पत्ता देऊ करतो. फोन तो रीतसर मागून घेतो, मग सर्व्हर त्यावर शिक्कामोर्तब करतो. एवढ्या चार पाकिटांत काम होतं.

पण उत्तराच्या पाकिटात नुसता पत्ता नसतो. त्याच्याबरोबर क्रमांक घातलेल्या नोंदी येतात, त्यांना ऑप्शन म्हणतात. वेळ कुणाला विचारायची ते ४२ नंबरचा ऑप्शन सांगतो. कॉन्फिगरेशनची फाइल कुठून आणायची ते ६६ सांगतो, काही फोनांना १५०. काही फोन १३२ नंबरच्या नोंदीवरून आपण कुठल्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या कुठल्या कप्प्यात, बसायचं ते ठरवतात. फोन हे सगळं निमूट मानतो. म्हणून या नोंदी भरणं हे मला कारकुनी काम वाटत नाही. एखाद्या संस्थेतले सगळे फोन कुणाच्या शब्दावर चालणार, हे त्यातून ठरतं.

सांगली जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात जुनं ईपीएबीएक्स काढून आयपी फोन बसवायचे होते. व्यवस्थापनाच्या बाजूने ते काम माझ्याकडे होतं. सल्ल्याला दोन माणसं होती, नात्याने काका-पुतणी. काकांचा उभा जन्म ईपीएबीएक्स बसवण्यात आणि दुरुस्त करण्यात गेलेला. पुतणी पुण्यात नेटवर्क इंजिनिअर. दोघांचं पहिल्याच मुद्द्यावर वाजलं. ते बोलणं काटछाट करून, पण त्यांच्याच शब्दांत इथे देतो आहे, कारण असा वाद आज पुष्कळ रुग्णालयांत, बँकांत आणि कारखान्यांत व्हायला हवा आणि तो होत नाही. फोन आणणारा आणतो, लावणारा लावतो, आणि ऑप्शनमध्ये काय भरलं आहे हे पुढे कुणालाच माहीत नसतं.

काका: माझं म्हणणं सरळ आहे. प्रत्येक फोनला हाताने आयपी द्यायचा. रजिस्टरात लिहायचा आणि फोनच्या खाली स्टिकर लावायचा. रात्री तीन वाजता आयसीयूतला फोन गेला तर ड्यूटीवरच्या माणसाला फोन उलटा करून पत्ता वाचता आला पाहिजे.

पुतणी: काका, दोनशे फोन आहेत. प्रत्येकात आयपी, सबनेट मास्क, गेटवे, डीएनएस, एवढं सगळं कीपॅडवर टाकायचं, टिंबासाठी स्टार दाबत. दोन फोनांना चुकून एकच आयपी गेला, तर दोन्ही धड चालत नाहीत आणि धड बंदही पडत नाहीत. त्या घोळात दिवस जातो. आणि उद्या गेटवे बदलला तर? पुन्हा दोनशे ठिकाणी फिरायचं?

काका: फिरू. वर्षानुवर्षं फिरतोच आहे. फ्रेमवर जम्पर मारला की २१४ म्हणजे टॅग ब्लॉकवरची ती जोडी, हे पक्कं. दोन तारा हातात धरता यायच्या. हँडसेट लावून ऐकलं की टोन आहे की नाही ते कळायचं. तुझ्या या प्रकारात आज २१४चा पत्ता एक, उद्या दुसरा. मग शोधू कुठे?

पुतणी: तुम्ही आयपीला त्या जोडीच्या जागी बसवताय. पण २१४ या नंबरचा आयपीशी कायमचा संबंधच नाही. फोन चालू झाला की तो एक्स्चेंजकडे जाऊन नोंद करतो: मी २१४, सध्या या पत्त्यावर आहे. एसआयपीमध्ये यालाच रजिस्टर म्हणतात. ही नोंद तो ठरावीक वेळाने पुन्हा पुन्हा करत राहतो. पत्ता बदलला तर पुढची नोंद नव्या पत्त्याने होते आणि एक्स्चेंज २१४ची घंटी तिकडे वाजवतं. तुम्हाला २१४ शोधायचा असेल तर एक्स्चेंजच्या पडद्यावर दिसेल, कुठल्या पत्त्यावर आणि कुठल्या मॅक अॅड्रेसवर आहे ते.

काका: आणि कुठल्या खोलीत आहे?

पुतणी: ते स्विचच्या पोर्टवरून काढता येतं.

काका: म्हणजे तुला काढता येतं.

काकांचा तो टोला बरोबर लागला होता. तरीही मुद्दा पुतणीचाच खरा आहे, आणि तो नीट समजल्याशिवाय पुढचं सगळं फसतं. फोनचा पत्ता ही चालू घडीची गोष्ट आहे. फोनची ओळख त्याच्या मॅक अॅड्रेसमध्ये आणि त्या नावाने ठेवलेल्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये असते. स्थिर पत्ता ज्यांना इतर शोधत येतात त्यांना लागतो. एक्स्चेंज, फाइल देणारा सर्व्हर, बाहेरच्या लाइनचा गेटवे, ही ती मंडळी. जो स्वतः जाऊन हजेरी लावतो त्याला स्थिर पत्त्याची गरज नाही.

काका: मग लिफ्टमधल्या इंटरकॉमचं काय? शवागाराच्या दारावरचा डोअर फोन? पेजिंगचा स्पीकर? त्यातले काही थेट पत्त्यावरच बोलतात, एक्स्चेंजकडे हजेरी लावतच नाहीत.

पुतणी: त्यांना राखीव पत्ता देऊ. डीएचसीपी सर्व्हरमध्येच लिहायचं, या मॅकला कायम हाच पत्ता. तुमचं स्टिकर लावा त्यावर. पण टेबलावरच्या फोनांना नको.

इथवर मिटलं. खरा वाद पुढे होता: ऑप्शन कुठले, आणि किती.

पुतणी: ६६ भरू, म्हणजे फोन फाइल आणायला कुठे जायचं ते शिकेल. वेळेसाठी ४२. व्हीलॅनसाठी १३२. भांडारात पडून असलेले ते दुसऱ्या शाखेतले सिस्कोचे जुने फोन वापरायचे असतील तर त्यांना १५०.

काका: हे आकडे कुणी ठरवले? ६६ आणि १५० एकाच कामाला कशाला?

पुतणी: त्यामागे इतिहास आहे. १९८५ साली बूटपी नावाची पद्धत आली. डिस्क नसलेली कॉम्प्युटरं तेव्हा नेटवर्कवरून चालू व्हायची. त्यांना आपला पत्ता हवा असायचा आणि आपल्याला चालू करणारी फाइल कुठे आहे ते हवं असायचं. १९९३ साली डीएचसीपी आलं ते याच पायावर, आणि आपण आज वापरतो ते १९९७ सालचं, आरएफसी २१३१ आणि २१३२. ६६ आणि फाइलचं नाव सांगणारा ६७ हे त्या जुन्या गरजेचेच वारस आहेत. टेबलावरचा फोन म्हणजे या हिशेबात डिस्क नसलेलं कॉम्प्युटरच.

काका: आणि १५०?

पुतणी: १२८ पासून २५४ पर्यंतचे आकडे आधी ज्याने त्याने आपापल्या जागेत वापरायला मोकळे सोडले होते. फोन कंपन्यांनी तिथूनच उचलले. सिस्कोने १५०, पॉलीकॉमने १६०, अवायाने आधी १७६ आणि मग २४२, मायटेलने १२८च्या आसपासचे. २००४ साली आरएफसी ३९४२ने मोकळी जागा २२४ ते २५४ एवढीच ठेवली, पण तोवर लाखो फोनांच्या पोटात ते आकडे जाऊन बसले होते. सिस्कोच्या १५०ची रीतसर कागदोपत्री नोंद तर २०१० साली झाली. म्हणून आजही नवीन फोन आला की आधी विचारायचं, बाबा, तू कुठला आकडा वाचतोस?

काका: म्हणजे जोडी टोचायच्या आधी ब्लॉक कुणाचा आहे ते बघायचं.

चाचणीच्या दिवशी जे झालं ते थोडं तपशिलात सांगतो, कारण या दोघांच्या दोन दृष्टी मला त्यात सगळ्यात स्पष्ट दिसल्या. फाइल देणारा सर्व्हर होता १९२.१६८.२०.५ या पत्त्यावर. डीएचसीपी सर्व्हर लिनक्सवरचा. त्याला १५० हा ऑप्शन आधीपासून ठाऊक नव्हता, त्यामुळे त्याची व्याख्या लिहून द्यावी लागत होती. पुरवठादाराच्या माणसाने ती लिहून ठेवली होती आणि पत्ताही अगदी अचूक टाकला होता. सिस्कोचा जुना फोन लावला. त्याला आयपी मिळाला, पण फाइल मिळेना. सर्व्हरच्या नोंदवहीत १५० दिल्याचं दिसत होतं. पुतणीने सेटिंग पुन्हा वाचलं, पत्ता बरोबर. तेव्हा काका म्हणाले, सर्व्हर काय म्हणतो ते राहू दे, तारेवर काय गेलं ते मला दाखव.

तिने स्विचच्या पोर्टवरची वाहतूक पकडून वायरशार्कमध्ये उघडली. आधी ५५ नंबरचा ऑप्शन बघितला. ही फोनने स्वतः पाठवलेली मागणीची यादी असते, मला अमुक अमुक नोंदी हव्यात अशी. तिच्यात १५० होता. पुष्कळदा घोटाळा इथेच असतो: फोनने मागितलेलंच नसतं, आणि सर्व्हर न मागितलेलं सहसा देत नाही. इथे तसं नव्हतं. मग उत्तराचं पाकीट बघितलं. १५०ची लांबी हवी होती चार बाइट, कारण एक आयपी पत्ता चार बाइटांचा असतो. दिसत होती बारा.

झालं होतं असं की, व्याख्या लिहिताना १५०चा प्रकार 'आयपी पत्ता' असा न देता 'मजकूर' असा दिला होता. त्यामुळे पत्ता आकडे म्हणून न जाता अक्षरं म्हणून गेला: एक, नऊ, दोन, टिंब, अशी बारा अक्षरं. ६६ला मजकूरच लागतो, १५०ला मात्र चार-चार बाइटांचे पत्ते लागतात, एकामागून एक कितीही. बाराला चाराने पूर्ण भाग जातो. म्हणून फोनने तक्रार न करता त्याचे तीन पत्ते केले. '१' या अक्षराचा संकेतांक ४९, '९'चा ५७, '२'चा ५०, टिंबाचा ४६. फोन बिचारा फाइल मागायला निघाला होता ४९.५७.५०.४६ला, मग ४९.५४.५६.४६ला, मग ५०.४८.४६.५३ला. रुग्णालयाचा फोन थेट इंटरनेटवरच्या तीन परक्या पत्त्यांवर जाऊन आपलं कॉन्फिगरेशन मागत होता.

व्याख्येतला एक शब्द बदलला आणि फोन चालू झाला. पण काका गप्प झाले नाहीत, आणि ते बरंच झालं.

काका: त्या तीनांपैकी एखाद्या पत्त्यावर कुणी बसलेला असता आणि त्याने फाइल दिली असती तर?

पुतणी: तर फोनने घेतली असती. फाइल आणायची ही जी साधी पद्धत आहे, टीएफटीपी, तिच्यात ना पासवर्ड, ना ओळखपाळख.

काका: ही तुझी व्यवस्था! मी हाताने पत्ता टाकला असता तर फोनने माझ्याशिवाय कुणाचं ऐकलं नसतं. तुझा फोन पहिल्या उत्तर देणाऱ्याचं ऐकतो. एका ठिकाणी मी डोळ्यांनी पाहिलंय. वायफाय पोहोचत नाही म्हणून कुणीतरी घरचा राउटर आणून भिंतीतल्या पॉइंटला लावला, तोही उलटा, त्याच्या लॅन पोर्टातून. त्या राउटरने वाटायला सुरुवात केली पत्ते. सकाळी वीज जाऊन आली आणि अर्धा मजला त्याच्या पत्त्यांवर. फोनवर आयपी दिसतोय, टोन नाही. लावणाऱ्याला पत्ताही नाही की आपण काय केलं.

पुतणी: त्यावर उपाय आहे. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग चालू करायचं. खरा सर्व्हर ज्या पोर्टाकडून येतो तेवढाच विश्वासाचा ठरवायचा. बाकी कुठल्याही पोर्टातून कुणी पत्ते वाटायला लागला तर स्विच ती पाकिटं तिथेच टाकून देतो.

काका: आणि ज्या दोन वॉर्डांत तुझा तो शहाणा स्विच नाही, साधा आहे?

पुतणी: (थोडं थांबून) तिथे चालणार नाही. तो स्विच बदलावा लागेल.

काका: खर्चात धर मग. ऑप्शन भरणं फुकट आहे असं दाखवून पुढे जाऊ नकोस.

या मुद्द्यावर मी पूर्णपणे काकांच्या बाजूचा आहे. डीएचसीपीची रचना झाली तेव्हा नेटवर्कवर बसलेला प्रत्येक जण आपला माणूस आहे असंच गृहीत होतं. तो काळ विद्यापीठांतल्या प्रयोगशाळांचा होता. रुग्णालयाच्या प्रतीक्षागृहात भिंतीला जो पॉइंट असतो त्यात कोण काय लावेल हे सांगता येत नाही. आणि फोनच्या त्या फाइलमध्ये काय असतं? एक्स्टेंशनचा एसआयपी पासवर्ड. तो ज्याच्या हाती गेला तो रुग्णालयाच्या नावाने परदेशात कॉल करू शकतो, बिल रुग्णालयाला. शिवाय अशा फाइलींची नावं फोनच्या मॅक अॅड्रेसवरून ठेवलेली असतात, आणि मॅकचे पहिले तीन बाइट कंपनी कुठली ते सांगतात. उरलेले तीन फोनच्या खालच्या लेबलवर छापलेले असतात. साध्या टीएफटीपीवर ठेवलेली फाइल ही उघड्यावर ठेवलेली फाइल समजावी.

पुतणीलाही हे नवीन नव्हतं. तिचा आराखडा त्याच दिशेने जात होता.

पुतणी: म्हणून नव्या फोनांना ६६मध्ये नुसता आयपी द्यायचा नाही, एचटीटीपीएसचा पूर्ण पत्ता द्यायचा. फोन सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासेल. कारखान्यातून आलेलं प्रमाणपत्र फोनच्या पोटातही असतं, ते सर्व्हर तपासेल. दोघांची ओळख पटल्याशिवाय फाइल हलणार नाही. मग मधे कुणी खोटा डीएचसीपी सर्व्हर बसला तरी तो फार तर फोन बंद पाडेल, पासवर्ड पळवू शकणार नाही.

काका: प्रमाणपत्राला मुदत असते ना? फोनला आज तारीख काय ते कसं कळणार? तूच म्हणालीस त्याला काही ठाऊक नसतं.

पुतणी: हेच लोक विसरतात! फोनच्या घड्याळाला बॅटरी नसेल तर वीज गेल्यावर तो कुठल्यातरी जुन्या तारखेला जाऊन बसतो. मग आजचं प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेलं दिसतं आणि तो फाइल घ्यायला नकार देतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं सर्व्हर बिघडला. म्हणून ४२ आधी. आधी वेळ, मग फाइल.

काका: वेळ कुठून आणतेस?

पुतणी: आपल्याच आवारातला एक सर्व्हर, आणि तो दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी बांधलेला. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांतही घड्याळं तिथल्या किंवा एनआयसीच्या वेळेशी जुळवायला सांगितलंय. शिवाय २ नंबरचा ऑप्शन, वेळेतला फरक सेकंदांत. आपले साडेपाच तास म्हणजे १९८००.

काका: आणि कुणी १८००० टाकले तर नर्सच्या टेबलावर अर्धा तास मागे.

पुतणी: हो. म्हणून तो आकडा ऑप्शनमध्ये ठेवायचा का फाइलमध्ये, यावर मी अजून विचार करतेय. आरएफसीवाल्यांनीही २ला बाजूला सारून १०० आणि १०१ आणले आहेत, थेट टाइम झोन सांगणारे. पण जुने फोन ते वाचत नाहीत.

व्हीलॅनवरचं बोलणं लवकर आटोपलं. स्विच हुशार असेल तर एलएलडीपी-मेडच्या आधारे तो स्वतःच फोनला सांगतो की तुझा आवाज या व्हीलॅनमध्ये. तिथे ऑप्शनची गरज पडत नाही. स्विच साधा असेल तर फोन आधी कॉम्प्युटरांच्या व्हीलॅनमध्ये पत्ता घेतो, १३२ वाचतो, तो पत्ता सोडतो आणि आवाजाच्या व्हीलॅनमध्ये जाऊन पुन्हा नव्याने पत्ता मागतो. काकांना ही दुहेरी फेरी पटली नाही. पुतणीनेही तिचं समर्थन केलं नाही. १३२ फक्त त्या दोन वॉर्डांपुरता, आणि तिथले स्विच बदलेपर्यंतच ठेवायचा, असं ठरलं.

मग आला पावसाळ्याचा प्रश्न. ज्यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी काम केलं आहे त्यांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही.

काका: वीज गेली, जनरेटर लागायच्या आत यूपीएस बसला, सगळं बंद. वीज आली. फोन एका मिनिटात उठणार, तुझा सर्व्हर पाच मिनिटांनी. तोवर कॅज्युअल्टीत फोन नाही.

पुतणी: फोन अगदी कोरा उठत नाही. त्याला आपला आधीचा पत्ता आठवत असेल तर तो नव्याने हाक देत नाही, थेट म्हणतो, मला माझा तोच पत्ता परत हवा. सर्व्हर गप्प असला आणि लीज, म्हणजे पत्त्याची मुदत, संपलेली नसली, तर आरएफसी २१३१प्रमाणे तो जुना पत्ता वापरत राहू शकतो.

काका: शकतो की राहतोच?

पुतणी: शकतो. सक्ती नाही. मॉडेलवर आहे.

काका: मग मुदत लांब ठेव. आठ दिवस.

पुतणी: मी एक दिवस म्हणणार होते. ऑप्शनमध्ये काही बदललं तर फोनांपर्यंत लवकर पोहोचावं म्हणून. अर्धी मुदत झाली की फोन नूतनीकरण मागतो, तेव्हा नवे ऑप्शन त्याला मिळतात.

काका: मिळतात, पण तो लगेच त्याप्रमाणे वागतो का? मघाशी तू ६६ बदललास तेव्हा फोन बंद करून चालू केल्याशिवाय तो नव्या जागी गेला नाही. मी बघत होतो.

पुतणी: ...नाही गेला.

काका: मग छोट्या मुदतीने तुला काय मिळालं? मोठ्या मुदतीने मला काय मिळतं ते सांगतो. फोन अर्ध्यावर नूतनीकरण करतो ना? म्हणजे सर्व्हर कुठल्याही क्षणी मेला तरी प्रत्येक फोनच्या हातात निदान चार दिवस आहेत. तुझ्या हिशेबाने बारा तास. रविवारी रात्री सर्व्हर गेला तर सोमवारी सकाळच्या ओपीडीला फोन नाहीत.

पुतणीने वहीत काहीतरी लिहिलं आणि आठ दिवस मान्य केले. मला वाटतं, त्या दिवशीचा सगळ्यात नेमका युक्तिवाद तो होता, आणि तो ज्याला डीएचसीपी नकोच होतं त्याने केला होता. पाहुण्यांच्या वायफायला आठ दिवसांची मुदत देऊ नये, तिथे माणसं येतात-जातात आणि पत्ते संपतात. पण भिंतीला आणि टेबलाला बांधलेल्या फोनांना छोटी मुदत देण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

'शकतो की राहतोच' हे मात्र बोलण्याने सुटणारं नव्हतं. म्हणून फोन वॉर्डांत जाण्याआधी, एका रविवारी, डीएचसीपी सर्व्हर मुद्दाम बंद ठेवून प्रत्येक मॉडेलचे फोन बंद-चालू करून पाहिले. टेबलावरचे फोन जुन्या पत्त्यावर उठले आणि एक्स्चेंजकडे हजेरी लावून मोकळे झाले. कॉर्डलेस फोनांचे बेस स्टेशन उठले नाहीत. ते सर्व्हरची वाट बघत तसेच बसले. ऑपरेशन थिएटरच्या मजल्यावर सगळी भिस्त कॉर्डलेसवर होती.

काका: याला हाताने पत्ता.

पुतणी: राखीव पत्ता इथे उपयोगाचा नाही, तोही सर्व्हरच देतो. हाताने द्यायचा. फक्त वाटपाच्या यादीतून तेवढे पत्ते वगळून, म्हणजे सर्व्हर ते दुसऱ्या कुणाला देणार नाही.

काका: आणि दुसरा सर्व्हर? एकावर सगळं कसं?

पुतणी: दोन ठेवू. एकमेकांना लीजची माहिती देत राहतील. एक गेला तर दुसरा पुढे चालवेल.

काका: दोन्ही एकाच खोलीत, एकाच यूपीएसवर नकोत.

दुसरा सर्व्हर रक्तपेढीच्या इमारतीत, वेगळ्या यूपीएसवर बसवायचं ठरलं. त्यावर पुतणीने एक गोष्ट आपणहून सांगितली, जी मी तोवर कुठल्याही पुरवठादाराच्या तोंडून ऐकली नव्हती: अशी जोडी लीजची माहिती आपापसांत सांभाळते, ऑप्शनची नाही. कुणी एका सर्व्हरवर ६६ बदलला आणि दुसऱ्यावर विसरला, तर काही फोन नव्या जागी जातील आणि काही जुन्या, आणि कुठला कुठे जाईल हे कुणी आधी सांगू शकणार नाही. तिचं म्हणणं, दोन्हीकडचं सेटिंग एकाच मूळ फाइलमधून आपोआप तयार व्हावं, हाताने कुणी शिवूच नये. काकांचं म्हणणं, आपोआप होणारी गोष्ट चुकली तर दोन्हीकडे एकाच वेळी चुकते. म्हणून आधी एकावर बदल करायचा, एका फोनवर तारेवरचं पाकीट बघायचं आणि मगच दुसऱ्यावर. मी पुतणीची मूळ फाइल आणि काकांचा क्रम असं दोन्ही मंजूर केलं आहे. बदल करणाऱ्या माणसाने त्या पाकिटाची छापील प्रत बदलाच्या अर्जाला जोडायची आहे, ५५ आणि ६६ या दोन ओळींवर खूण करून.